मुलाला शेती द्यायची म्हणजे नेमके काय द्यायचे?

धागाकर्ता : येरळाकाठ

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या विद्यालयात दहावीच्या मुलांसमोर 'तरुणांनी शेतीकडे वळावे' या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. वर्गात ४१ मुले-मुली होत्या. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी मी विचारले, की पुढे शेती करावी असे तुमच्यापैकी कोणाला वाटते? तीन मुलांनी हात वर केले. त्या तिघांना मी पुढचा प्रश्न विचारला, की घरच्या रानात यंदा काय पेरायचे हे ठरवताना तुम्हाला कोणी एकदा तरी विचारले का? तिघांनीही हात खाली घेतले. लिहून नेलेले भाषण मला त्यानंतर करवेना. मुलांशी थोड्या गप्पा मारून मी परत आलो आणि तेव्हापासून जे मनात घोळत आहे ते येथे मांडत आहे.

मी तासगाव तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहे. वय ५८. तीन एकर बाग आणि दोन एकर इतर पिके एवढी आमची शेती आहे. मी शाळा सोडून शेतात आलो तेव्हा १८ वर्षांचा होतो आणि सातबाऱ्यावर माझे नाव लागले तेव्हा ४४ वर्षांचा. तेही वडील गेल्यानंतर वारस नोंदीने. मधली २६ वर्षे छाटणी, विरळणी, फवारणी, बेदाण्याच्या शेडवरच्या रात्री हे सगळे मी केले, परंतु सौद्यानंतरची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी आणि पैसे, नेहमी वडिलांच्या खिशात गेली. वडील मायाळू होते, त्यांनी मला काही कमी पडू दिले नाही. तरीही दोन मुलांचा बाप झाल्यावर केस कापायला त्यांच्याकडे पैसे मागताना काय वाटत असे, ते मी कधी कोणाला सांगितले नव्हते.

असे असूनही माझा मुलगा मोठा झाल्यावर मी त्याच्याशी तसाच वागलो. कृषी पदविका घेऊन तो चाकणला एका कारखान्यात लागला. २०२० च्या टाळेबंदीत घरी आला आणि आठ महिने राहिला. त्या काळात त्याने मला दोन गोष्टी सुचवल्या. सगळ्या बागेची फळछाटणी एकदम न धरता एका प्लॉटची पुढे-मागे करावी, म्हणजे पाऊस आला तरी सगळी बाग एकाच अवस्थेत सापडणार नाही, ही पहिली. आणि फवारणीची नोंदवही ठेवावी ही दुसरी. मी दोन्हीला नकार दिला. कारण विचारल्यावर 'मला तीस वर्षांचा अनुभव आहे' एवढेच म्हणालो. तो परत चाकणला गेला. शेतीत तरुण टिकत नाहीत अशी तक्रार त्या दिवसांत पारावर मीच सर्वांत मोठ्याने करत होतो.

भाव मिळत नाही, पाण्याचा भरवसा नाही, शेतकरी मुलाला कोणी मुलगी देत नाही, ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत आणि ती खरी आहेत. त्यांवर येथे आधीही पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शासन निर्णयाची किंवा बाजाराची वाट न पाहता ज्याबाबत आपण आजच काही करू शकतो, असे एक कारण आपल्या घरातच आहे. आपण मुलांना शेतीतले काम देतो, शेती देत नाही. निर्णय बापाचा, बँकेचे पासबुक बापाचे, पट्टी बापाच्या नावाची आणि चुकले तर बोलणी मात्र मुलाला, अशा व्यवस्थेत कोणताही शिकलेला मुलगा किती वर्षे राहील? कारखान्यात माझ्या मुलाला दरमहा २२ हजार रुपये मिळत होते. ते फार नव्हते, पण ते त्याच्या स्वतःच्या खात्यावर येत होते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पाठीचे ऑपरेशन झाले आणि त्याला परत यावे लागले. या वेळी मी त्याला ओढ्याकडील एक एकराचा प्लॉट संपूर्णपणे सोपवला. सातबाऱ्यात काही बदल केला नाही. ठरले ते एवढेच, की त्या एकराची छाटणी कधी धरायची, काय फवारायचे, मजूर किती लावायचे, द्राक्ष विकायची की बेदाणा करायचा हे तो ठरवील. खर्चासाठी मी त्याला उसने पैसे देईन आणि विक्रीचे पैसे त्याच्या खात्यावर जातील. मी न विचारता सल्ला देणार नाही, ही अट त्याने घातली आणि ती पाळणे मला सर्वांत जड गेले.

पहिल्या वर्षी त्याने छाटणी लवकर धरली. घड फुलोऱ्यात असताना चार दिवस पाऊस लागून राहिला आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाने निम्म्याहून अधिक घड गेले. त्या संध्याकाळी तो बांधावर बसून होता. मी जवळ जाऊन बसलो आणि काही बोललो नाही. माझ्या वडिलांच्या काळात असे घडले असते, तर ती गोष्ट मी आयुष्यभर ऐकली असती. त्या एकरातून जेमतेम पाच टन माल निघाला आणि माझे पैसे त्याला फेडता आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी त्याने छाटणी सव्वा महिना पुढे नेली. पानांचे ओलेपण पाहून आणि हवामानाचा अंदाज पाहून तो फवारणी ठरवू लागला, आणि माझ्या दोन एकरांपेक्षा त्याच्या एकरात पाच फवारण्या कमी बसल्या. ११ टन द्राक्षे निघाली. जागेवर व्यापाऱ्याने पाडून भाव मागितला, तेव्हा त्याने सगळ्याचा बेदाणा केला. चार किलोला एक किलो या हिशेबाने २,७०० किलोच्या आसपास बेदाणा झाला. खर्च आणि माझी मागची उसनवारी वजा जाता त्याच्याकडे १ लाख ८० हजार रुपये उरले. रक्कम मोठी नाही हे मला कळते. परंतु त्या वर्षी दिवाळीला त्याने आईला साडी घेतली ती स्वतःच्या पैशांनी, आणि तेव्हापासून चाकणचा विषय घरात निघालेला नाही.

आपापल्या घरी हे कसे आहे, ते कृपया मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद : काळं रान

येरळाकाठ काका, तुमचे लिहिणे वाचून वडिलांची आठवण झाली. तरीही एक गोष्ट मांडणे मला आवश्यक वाटते. तुमच्याकडे उपसा योजनेचे पाणी आहे आणि द्राक्षासारखे पीक आहे. आमची औसा तालुक्यात चार एकर कोरडवाहू जमीन आहे, आणि त्यात निर्णयाचा अधिकार मिळाला तरी ठरवायला उरते किती, हा माझा प्रश्न आहे.

२०२४ च्या खरिपाचा आमचा हिशेब सांगतो. एकरी सात क्विंटल प्रमाणे २८ क्विंटल सोयाबीन झाले. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. हमीभाव केंद्रावर ओलाव्याचे कारण सांगून माल परत पाठवला गेला आणि शेवटी आम्ही बाजारात ४,२०० रुपयांनी घातला. एकूण १ लाख १७ हजार ६०० रुपये आले. बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी धरून एकरी १८ हजार खर्च झाला होता, म्हणजे ७२ हजार गेले. उरलेल्या ४५ हजारांत हरभऱ्याचे ३० हजार मिळवले, तरी महिन्याला साडेसहा हजारांपेक्षा कमी पडतात. हिंजवडीत मी यापेक्षा कितीतरी अधिक कमावतो आणि घरी पाठवतो. मी परत जायचे म्हटले, तर आधी वडीलच मला अडवतील.

महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. आजोबांच्या हिश्शाला जे आले होते, ते वडिलांच्या पिढीत तिघांत वाटले गेले आणि पुढे माझ्यात आणि भावात वाटले जाईल. एवढ्या तुकड्यावर एका कुटुंबाने जगावे असे तरुणाला सांगणे मला योग्य वाटत नाही.

मात्र तुमच्या मुद्द्याला दुजोरा देणारी एक गोष्ट आमच्याही घरी घडली आहे. माझ्या धाकट्या भावाने रुंद वरंबा सरीवर सोयाबीन टोकण्याचा आग्रह धरला होता. त्यात बियाणे कमी लागते, पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते आणि उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. वडिलांनी दोन वर्षे नकार दिला, कारण एकरी ३० किलो बियाणे पेरण्याची त्यांची आयुष्यभराची सवय आहे. शेवटी भावाने तो प्रयोग शेजाऱ्याच्या रानात बटईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, केला.

प्रतिसाद : येरळाकाठ

काळं रान, तुमचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला आणि त्यात मला चूक सापडली नाही. २८ क्विंटलांना हमीभाव मिळाला असता, तर साधारण १९ हजार रुपये जास्त मिळाले असते. एका कुटुंबाला १९ हजारांची किंमत काय असते हे मी जाणतो. चार एकर कोरडवाहूवर दोघा भावांनी जगावे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की दोघांपैकी ज्याला तेथे राहायचे आहे त्याला ते चार एकर स्वतःच्या बुद्धीने कसता आले पाहिजेत. तुमच्या भावाला स्वतःचा प्रयोग दुसऱ्याच्या रानात करावा लागला, हे वाचून मला फार वाईट वाटले.

प्रतिसाद : बांधावरून

मी चांदवड तालुक्यातून लिहीत आहे. सासरी सहा एकर शेती आहे, मुख्य पीक कांदा. लग्नाला अकरा वर्षे झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणारे तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. त्याच्या बातम्या देशभर झळकल्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी व्हावी ही त्यांची मागणी रास्त होती. परंतु त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात सगळा दोष मुलींच्या माथी आला. मुलींना नोकरीवालाच हवा, त्यांना शेणात हात घालायला नको, असे सर्रास बोलले गेले. मला त्यावर शेतकरी घरची सून म्हणून उत्तर द्यायचे आहे.

मुलगी कष्टाला घाबरत नाही. माझ्या माहेरीही शेती होती आणि कांद्याच्या लागणीला मी आठवीपासून जात होते. मुलगी घाबरते ती वेगळ्या गोष्टीला. येरळाकाठ यांनी मुलाची जी स्थिती लिहिली आहे, तिच्याखाली आणखी एक पायरी आहे आणि त्या पायरीवर सून उभी असते. मुलाला निदान बाप गेल्यावर सातबारा मिळतो. सुनेला नवरा हयात असेपर्यंत काहीच मिळत नाही, आणि नवऱ्याने आत्महत्या केली तर वारस नोंदीसाठी दारोदार फिरणे तेवढे मिळते. नवऱ्यालाच वडिलांकडे पैसे मागावे लागत असतील, तर त्याच्या बायकोने कोणाकडे मागायचे?

ज्या चांदवडमध्ये मी राहते, तेथेच नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. माझी सासू त्याला बैलगाडीतून गेली होती आणि आजही ती त्या गर्दीविषयी सांगते. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की पुरुषांनी आपण होऊन जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा. अनेक गावांनी ती मनावर घेतली. आमच्या घराने घेतली नाही, आणि सासूचे नाव आजतागायत उताऱ्यावर नाही.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या बचत गटातून कर्ज काढले आणि विहिरीजवळच्या वीस गुंठ्यांत कांद्याचे बी करण्यासाठी डोंगळे लावले. सासऱ्यांना ते पसंत नव्हते, सासूने माझी बाजू घेतली. मधमाश्यांसाठी त्या दिवसांत मी फवारणी पूर्ण थांबवली आणि सासरे रोज येऊन नाराजी व्यक्त करत राहिले. बी चांगले भरले. त्या पैशांतून मी प्रथम घरात न्हाणीघर आणि शौचालय बांधले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली आणि चाळीतला माल मातीमोल झाला, त्या वर्षी मुलांची फी याच बियाण्याच्या पैशांतून गेली. माझ्या धाकट्या दिराचे लग्न गेल्या वर्षी जमले. मुलीने पाहण्याच्या कार्यक्रमानंतर मला बाजूला बोलावून विचारले होते, की तुमचे स्वतःचे खाते आहे का? मी हो म्हणाले.

येरळाकाठ, आपण दोन मुलांचा उल्लेख केला आहे. त्यांतले दुसरे अपत्य मुलगी असेल, तर तिला आपण काय विचारलेत, हे जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद : येरळाकाठ

ताई, दुसरी मुलगीच आहे. ती मिरजेला दिली आहे आणि शाळेत शिकवते. तिला मी काहीही विचारलेले नाही. विचारावे असे माझ्या मनातही आले नाही, हे मला येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. या रविवारी ती येणार आहे, तेव्हा विचारीन.

प्रतिसाद : निवृत्त मंडळ अधिकारी

महसूल खात्यात ३३ वर्षे काम केल्यामुळे काही व्यवहार्य बाबी सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण हा धागा वाचून कोणी घाईने मुलाच्या नावे जमीन करील आणि पुढे अडचणीत येईल.

सातबाऱ्यावर नाव नसलेल्या तरुणाला पीक कर्ज मिळत नाही, ठिबकचे अनुदान मिळत नाही, आणि आता अ‍ॅग्रिस्टॅक या सरकारी डिजिटल नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीशी जोडलेला असल्यामुळे तो मिळत नाही. येरळाकाठ यांचा मुलगा तीन वर्षे बाग पिकवत असला, तरी शासनाच्या लेखी तो शेतकरी नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदाराबरोबर कुटुंबातील खातेदार नसलेल्या एका सदस्यालाही धरले आहे. कसणारा आणि खातेदार एकच नसतो हे तेथे मान्य झाले आहे. इतर योजनांतही ते व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव लावायचे असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे सहमतीने वाटप करून घेता येते. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली अशी, की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रात ही दुरुस्ती १९९४ मध्येच झाली आणि २००५ मध्ये ती देशभर लागू झाली. बहिणीला न सांगता केलेले वाटप टिकत नाही, आणि रक्षाबंधनाच्या ओवाळणीत हक्कसोडपत्रावर सही घेण्याची आपल्याकडील रीत मला नोकरीभर खटकत आली. दुसरी गोष्ट तुकडेबंदीची. शेतजमिनीचा तुकडा किती लहान पाडता येतो याची मर्यादा २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झाली आहे, त्याखालचा तुकडा पाडता येत नाही. पीएम किसानच्या हप्त्यासाठी कोणी नावावर जमीन करत असेल तर त्याचा उपयोग नाही, कारण १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर जमीन असावी अशी अट आहे आणि मृत्यूनंतर वारसाने आलेली जमीन तेवढी अपवाद आहे.

वडीलधाऱ्यांनाही एक सांगतो. सगळी जमीन मुलांच्या नावे करून दिल्यावर दोन वेळच्या जेवणासाठी माझ्या कार्यालयाच्या पायरीवर बसलेले आई-बाप मी पाहिले आहेत. बक्षीसपत्र करायचे असल्यास सांभाळ करण्याची अट त्यात लेखी घालावी. तशी अट असेल आणि ती मोडली गेली, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे हस्तांतरण रद्द करून मागता येते. येरळाकाठ यांनी सातबारा न बदलता एका प्लॉटचा निर्णय आणि पैसा मुलाकडे दिला, ती सुरुवात मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

प्रतिसाद : डांगसीमा

मी सुरगाणा तालुक्यातला, कृषी पदवीधर. दरवर्षी हंगामात आमच्या गावातून टोळ्या दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी आणि विरळणीच्या कामाला जातात. शिकत असताना सुट्टीत मीही जात होतो. ज्या बागांत मालकाचा मुलगा शिकायला पुण्यात आणि मालक थकलेला, अशा बागा आमच्याच पोरांनी सांभाळलेल्या असतात. कोणत्या काडीवर किती डोळे ठेवायचे हे त्यांना मालकापेक्षा चांगले समजते. शेतीत तरुण नाहीत असे म्हटले जाते तेव्हा ही मुले कोणाच्या नजरेत नसतात, याचे मला दुःख होते.

आमच्याकडे वनहक्काची तीन एकर जमीन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पती आणि पत्नी दोघांच्या नावे हक्क देण्याची तरतूद आहे, त्यामुळे माझ्या आईचे नाव वडिलांच्या बरोबरीने प्रमाणपत्रावर आहे. बांधावरून ताईंनी जे मागितले आहे, ते आमच्या पाड्यावरच्या निरक्षर बायकांना कायद्याने मिळाले आहे, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते. परंतु ही जमीन विकता किंवा गहाण टाकता येत नाही, म्हणून एका बँकेने मला कर्ज देण्यास सरळ नकार दिला. शेवटी आईने मजुरीतून साठवलेल्या १४ हजारांवर मी दहा गुंठ्यांत स्ट्रॉबेरी लावली. रोपे कोणत्या जातीची आणायची याविषयी आईने मला एकच वाक्य सांगितले: 'शिकलास तू, तर तूच सांग.' ती नाशिकची बाजारपेठ एकदाही न पाहिलेली बाई आहे.

आता पाड्यावरचे सहा जण मिळून आम्ही माल वणीला पाठवतो. पाण्याची अडचण मोठी आहे. पाऊस धो धो पडतो आणि मार्चमध्ये विहिरी कोरड्या पडतात.

प्रतिसाद : डोंगरउतार

डांगसीमा यांनी पाण्याचा विषय काढला म्हणून अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण देतो. तेथील पाणलोटाचे काम, शेतीसाठी बोअरवेल घेण्यावरील बंदी, ऊस-केळी न लावण्याचा नियम आणि दरवर्षी पावसाच्या मोजमापावरून ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद हे सर्वांना माहीत आहे. शहरात गेलेली कुटुंबे तेथे परत आली हेही माहीत आहे. त्या गोष्टीची सुरुवात मात्र फार कमी सांगितली जाते. १९८९ मध्ये तेथील तरुणांनी आग्रह धरला आणि गावाने नुकत्याच शिकून आलेल्या पोपटराव पवारांकडे सरपंचपद सोपवले. तेव्हा ते तिशीच्या आतले होते. दुष्काळी, दारूत बुडालेल्या गावातील जाणत्या माणसांनी एका तरुणाच्या हाती कारभार दिला आणि नंतर त्याचे कठोर नियम पाळले. काळं रान यांच्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी येथे असावे. चार एकर कोरडवाहूत एकट्याने ठरवण्यासारखे थोडेच असते, पण गावाच्या पाण्याचा निर्णय तरुणांकडे आला तर ठरवण्यासारखे पुष्कळ असते.

प्रतिसाद : नवा नांगर

माझे वय २४ आहे. पंढरपूर तालुका, डाळिंब आणि ऊस. वडिलांशी हा विषय काढायचा कसा, हे कोणी सांगेल का? मी बोलायला सुरुवात केली की त्यांना वाटते, मी वाटणी मागतो आहे. गेल्या वर्षी यावरून घरात दोन दिवस कोणी जेवले नाही.

प्रतिसाद : येरळाकाठ

बाळा, तुझे वडील माझ्याच वयाचे असतील, म्हणून त्यांच्या बाजूने सांगतो. 'मला द्या' हे शब्द ऐकले की आम्हाला आमचे मरण दिसते. खरोखर तसेच वाटते. त्यामुळे जमीन, नावावर करणे, वाटा हे शब्द काढूच नकोस. एक हंगाम, एक तुकडा आणि एक वही एवढेच माग. बागेपेक्षा उसाचे खोडव्याचे रान माग, कारण तेथे त्यांना भीती कमी वाटेल. डाळिंबाच्या बहाराला हात लावायला ते पहिल्या वर्षी देणार नाहीत आणि त्यात त्यांची चूकही नाही. तेल्या रोग आला तर अख्खी बाग जाते. खर्चाचे पैसे उसने म्हणून घे आणि तारखेसह लिहून ठेव. दर शनिवारी ती वही त्यांच्यासमोर, त्यांनी न मागता, उघडून ठेव. माझ्या मुलाने हे केले होते आणि पहिल्या वर्षी पीक गेले तरी माझा विश्वास राहिला तो त्या वहीमुळे. बोलणे आईसमोर होऊ दे.

बांधावरून ताई, रविवारी मुलगी येऊन गेली. मी विचारल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, की तिला जमीन विकायची नाही आणि भावाच्या कामात अडथळाही आणायचा नाही, परंतु तिचे नाव उताऱ्यावर असावे आणि दरवर्षीचा हिशेब तिलाही दाखवला जावा. मुलगा शेजारीच होता, तो लगेच हो म्हणाला. मंडळ अधिकारी साहेब, कलम ८५ च्या अर्जासोबत कोणकोणती कागदपत्रे जोडावी लागतात, तेवढे कृपया लिहावे. खरड छाटणी सुरू होण्याआधी तहसीलला जाऊन येण्याचे आम्ही ठरवले आहे.

प्रतिसाद : निवृत्त मंडळ अधिकारी

चालू सातबारा आणि आठ अ चा (खात्यावरच्या एकूण जमिनीचा) उतारा, सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती, वाटपाचा कच्चा नकाशा आणि सर्वांचे ओळखीचे पुरावे घेऊन जा. तालुक्याप्रमाणे आणखी एखादा कागद मागतात, म्हणून आधी एकदा चौकशी करावी. बँकेचा बोजा असल्यास तिला आधी कळवा. जबाबाच्या दिवशी मुलीला सोबत न्या, म्हणजे तिची संमती तिच्याच तोंडून नोंदवली जाईल.